वापरलेला कार्बन

कार्बन पेपर हातात आला तसा वहिनींनी तो खिडकीच्या उजेडाकडे धरला.

"काय बघतेस गं आजी?" छोटीनं विचारलं.

"काही नाही. नवा आहे." वहिनींनी हात खाली घेतला आणि कार्बन टेबलावर पालथा ठेवला.

"नवा असणारच. तीन दुकानं पालथी घातली त्याच्यासाठी. एकानं विचारलं, कार्बन म्हणजे काय? तिसऱ्यानं माळ्यावरून खोकं काढलं, फुंकर मारली, सगळी धूळ माझ्या तोंडावर. वर म्हणतो कसा, 'आजीसाठी नेताय का?'"

"मग, खोटं बोलला का?" पलीकडे मटार सोलत बसलेल्या वन्सं म्हणाल्या.

छोटी ही वहिनींची नात. नाव पडलं तेव्हा ती होतीही छोटी; आता सत्तावीस वर्षांची झाली होती आणि स्वयंपाकघराच्या दारातून येताना मान वाकवायची. या दोन खोल्यांत आता नणंद-भावजय दोघीच राहत. वहिनी लग्न होऊन घरात आल्या त्या दिवशी जे 'वन्सं' आणि 'वहिनी' सुरू झालं, ते अजून तसंच होतं, आणि 'तुम्ही'ही तसंच. ऐकून ऐकून जिन्यातली पोरं, दूधवाला, खालचा शिंपी, सगळ्यांच्याच त्या वहिनी आणि वन्सं झाल्या होत्या.

छोटीनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. "हं. दाखव आता. अगदी तेव्हा करायचीस तसं. आमच्या कचेरीत सगळ्यांना दाखवायचंय."

"एकटीनं कसं दाखवू? लिफाफा घेऊन येणारी नको का कोणी?"

"आत्याआजी, तू हो ना."

"मी मटार सोलतेय."

"दोन मिनिटं गं. मटार कुठं पळून जात नाहीत."

"हे निघालेत," वन्सं म्हणाल्या, आणि घरंगळत चाललेला एक दाणा त्यांनी टेबलाच्या कडेला पकडला. मग फडक्याला हात पुसून त्या उठल्या. छोटीनं दिलेला चिटोरा, कार्बन आणि पेन त्यांनी घेतलं, दोघींकडे पाठ केली आणि ओट्यावर वाकून काहीतरी लिहिलं. चिटोरा लिफाफ्यात गेला, त्याच्यावर कार्बन गेला, लिफाफा बंद झाला. तो त्यांनी वहिनींसमोर आणून ठेवला आणि नाकासमोर बघत उभ्या राहिल्या.

वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काल्पनिक रजिस्टरात काल्पनिक खूण केली. मग पेन हातात घेऊन लिफाफ्यावर सही केली, टोक कागदात रुतेल इतकी दाबून. वन्संनी लिफाफा उचलला, ओट्याशी जाऊन फोडला, चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवली आणि कार्बन परत आणून टेबलावर ठेवला.

"चिठ्ठी दाखव ना," छोटी म्हणाली.

"तू डॉक्टरीण आहेस का?"

"आत्याआजी!"

वन्संनी चिठ्ठी काढली, अंगठ्यानं आकडा झाकला आणि उरलेला भाग दाखवला. पांढऱ्या कागदावर वहिनींची सही निळी-काळी उमटली होती, शेवटच्या फाट्यासकट.

"बघितलंत?" छोटी फोनकडे बघून म्हणाली. "जिनं सही केली तिनं चिठ्ठी पाहिलेलीच नाही. पण सही खरी आहे. हे माझ्या आजीनं पन्नास वर्षांपूर्वी केलंय. एका लिफाफ्यानं."

वहिनींना संकोच वाटला. त्यांनी साखरेच्या डब्याचं झाकण उगाचच घट्ट केलं. फोन आडवा झाला.

कारखाना बटणांचा होता. कोटाची, सदऱ्याची, दोन भोकांची, चार भोकांची, शिंपल्यासारखी चकाकणारी, लाकडासारखी दिसणारी. पिंपांमध्ये बटणं फिरवून घासायचा आवाज दिवसभर चालायचा. सुट्टीच्या दिवशी तो कानात नसला की चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. घासणीतल्या बायकांच्या भुवया पांढऱ्या, रंगखात्यातल्यांची नखं रंगीत, पॅकिंगमधल्यांची बोटं कार्बननं निळी. कोण कुठल्या खात्यातली हे सांगायला नाव लागत नसे. वहिनी हजेरीच्या खोलीत बसत. त्यांची सही म्हणजे ही बाई आपल्याकडची, एवढी साक्ष.

कारखान्याच्या बायकांसाठी दोन गल्ल्या सोडून एक डॉक्टरीणबाई बसत, गुरुवारी दुपारनंतर. त्यांच्याकडे जायला मुकादमाची चिठ्ठी लागायची. चिठ्ठीवर नाव, खातं, कारण. ती चिठ्ठी मुकादमाच्या टेबलावर पडून राहायची, आणि मुकादमाच्या तोंडात तीळ भिजत नसे. रंगखात्यात एक मुलगी होती, काम करताना गुणगुणायची. तिची चिठ्ठी सोमवारी टेबलावर आली. बुधवारपर्यंत चहाच्या खोलीत ती गेली की बायका गप्प व्हायला लागल्या. पुढच्या सोमवारी ती आलीच नाही. तिला साधं पोटाचं दुखणं होतं, असं डॉक्टरीणबाई पुढं कधीतरी बोलून गेल्या. पण ते कळून आता कोणाला सांगायचं होतं?

त्या महिन्यात वहिनी हजेरीपत्रकावर तीन प्रतींत सह्या करत होत्या आणि मध्येच थांबल्या. वरचा कागद त्यांनी वाचला होता. खालचे दोन वाचले नव्हते. सही मात्र तिन्हींवर होती.

तिथून लिफाफा निघाला. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. आपल्या मनचा चार आकडी नंबर घालायचा. तो कोणालाच सांगायचा नाही. वहिनी माणूस ओळखून, महिन्यातून एकदाच, बंद लिफाफ्यावर सही करणार. डॉक्टरीणबाई सही ओळखणार, नंबर लिहून घेणार. पुन्हा यायला हवं असेल तर शनिवारी फाटकाजवळच्या पाटीवर नुसते नंबर लिहिले जाणार. आणि वहिनींनी आणखी एक नियम केला, ज्यावरून साहेबांशी त्यांचं वाजलं: लिफाफा सगळ्यांनी घ्यायचा. धडधाकट असो वा नसो, दर महिन्याला प्रत्येकीनं. नको असेल तिनं घरी जाऊन फाडून टाकावा. म्हणजे लिफाफा घेतला यावरून कोणी कोणाला काही म्हणू शकणार नाही.

"एवढे लिफाफे वाया?" साहेब म्हणाले होते.

"वाया जातात म्हणूनच उपयोगाचे आहेत," वहिनी म्हणाल्या होत्या. सत्ताविसाव्या वर्षी माणूस असं बोलू शकतो.

नऊ वर्षं चाललं ते, कारखाना बंद पडेपर्यंत.

छोटी तिसऱ्यांदा चहा ओतून घेत होती आणि आपल्या कामाबद्दल सांगत होती. तिचा चेहरा अशा वेळी अगदी लहानपणचा व्हायचा.

"फोन म्हणजेच लिफाफा, आजी. आमची संस्था वरून सही करते, आतलं तिला दिसत नाही. बाई दवाखान्यात गेली, फोन यंत्रापुढं धरला, की यंत्राला एवढंच कळतं, हिचा हक्क आहे आणि हा हक्क अजून वापरलेला नाही. नाव नाही, पत्ता नाही, वय नाही."

"आणि तुमच्या संस्थेला?"

"सही दिली एवढं कळतं. कुठं वापरली ते नाही."

"म्हणजे मी आणि डॉक्टरीणबाई एकत्र बसून चहा प्यायलो, तरी आम्हाला जुळवता येणार नाही."

"बरोब्बर! आमच्याकडे लोकांना हे समजवायला मला एक दिवस लागतो."

"आम्ही प्यायचो चहा," वहिनी म्हणाल्या. "दर शनिवारी. फार गप्पिष्ट बाई. पण त्या एका विषयावर कधी ब्र काढला नाही."

"सोमवारी सुरू होतंय," छोटी म्हणाली. "एकदम चाळीस दवाखान्यांत. ज्या बायका कळेल या भीतीनं येतच नाहीत ना, त्यांच्यासाठी. आणि आमच्या भिंतीवर तुझा फोटो लागणार. खाली मोठ्या अक्षरात: 'नऊ वर्षं, एकही नाव फुटलं नाही.'"

"फोटो कशाला? माझा फोटो चांगला येत नाही."

"तो ओळखपत्रावरचा लाव," वन्सं म्हणाल्या. "त्यात त्या चोर पकडायला निघाल्यासारख्या दिसतात."

छोटी हसली. मग तिनं वही उघडली. "आमच्या वरच्या बाई आहेत ना, त्या फार खडूस. म्हणाल्या, गोष्ट छान आहे, पण आजीला एक विचारून ये. ते कधी फुटलं का? कुठून फुटलं? मला तेवढंच कामाचं आहे." तिनं पेन उचललं. "फुटलं का गं कधी? एकदा तरी?"

वहिनींची नजर टेबलावरच्या कार्बनकडे गेली.

कार्बन परत यायचे. मोजून मिळायचे, म्हणून परत घ्यावे लागत. हजेरीच्या खोलीबाहेर पत्र्याची पेटी होती, बायका त्यात टाकून जात. शुक्रवारी सकाळी वहिनी ते एकेक करून उजेडाकडे धरत. जिथं पेन चाललं असेल तिथली शाई उडून जाते आणि काळ्यात पारदर्शक रेघा दिसतात. फार रेघा झाल्या की कार्बन बाद. प्रत्येकावर फक्त त्यांची स्वतःची सही दिसायची. पाच-सहा सह्या असल्या की फेकून द्यायचा.

त्या शुक्रवारी एका कार्बनवर सहीच्या खाली चार आकडे होते.

पॅकिंगमध्ये प्रत्येक गोष्ट दोन प्रतींत लिहायची असे. एक प्रत खोक्यात, एक फायलीत. वर्षानुवर्षं तसं केल्यावर हातात पेन आलं की दुसरा हात आपोआप कागदाखाली कार्बन सरकवी. घरची वाणसामानाची यादीसुद्धा पॅकिंगमधली बाई दोन प्रतींत करायची. तशीच कोणीतरी लिफाफ्यातल्या चिठ्ठीवर नंबर लिहिताना कार्बन खाली घेऊन बसली होती. ४१७७. दोन्ही सातांच्या पोटात आडवी रेघ.

तशी एक यादी वहिनींच्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेली असायची. त्यातल्या प्रत्येक साताच्या पोटात आडवी रेघ असायची. वन्सं तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, आणि पॅकिंगमध्ये होत्या.

वहिनींनी तो कार्बन चार तुकडे करून चुलीत टाकला. पण पाहिलेलं काही चुलीत टाकता येत नाही. शनिवारी फाटकातून बाहेर पडताना पाटीवर ४१७७ होता. पुढच्या शनिवारीही होता. वन्संची पाळी दुपारची होती. गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं म्हणजे दर वेळी काहीतरी निमित्त काढून मुकादमाकडे रजा मागायची. तिसऱ्या गुरुवारी वहिनींनी पाळ्यांचा तक्ता नव्यानं मांडला. कोणी विचारलं तर सांगायला कारण तयार ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही.

अकरा शनिवार तो नंबर पाटीवर होता. मग नाहीसा झाला. त्याच वर्षी वन्संना एक चांगलं स्थळ आलं होतं. त्यांनी नाही म्हटलं, का ते सांगितलं नाही. सासूबाईंनी आठ दिवस घर डोक्यावर घेतलं. "नको म्हणतात तर नको," एवढंच वहिनी एकदा बोलल्या, आणि त्या एका वाक्याबद्दल सासूबाईंनी त्यांना मरेपर्यंत माफ केलं नाही.

काय झालं होतं ते वहिनींना कळलं नाही. डॉक्टरीणबाईंबरोबर चहा पिताना एकदाही जीभ घसरू दिली नाही. पन्नास वर्षं एका ओट्यावर भाजी चिरली, एका ताटाखालचं पाणी दोघींनी पुसलं, आणि जे आपल्याला कळायला नको होतं ते वहिनींनी आपल्यापाशीच ठेवलं.

"आजी?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "कधीच नाही."

छोटीनं वहीत लिहिलं. पेनाचा आवाज आला. मटाराच्या शेंगा फुटण्याचा आवाज मात्र मध्ये थोडा वेळ थांबला होता. तो परत सुरू झाला.

"मला वाटलंच होतं," छोटी खुशीत म्हणाली. "बाईंना सांगते, पाणी कुठंच गळत नाही."

वहिनी उठल्या, चहाचे पेले गोळा केले, परत खाली ठेवले.

"छोटे, लिफाफा फोडल्यावर मागे जे उरतं, त्याचं काय करता तुम्ही?"

"म्हणजे?"

"म्हणजे, तिचं काम झाल्यावर. फोनमध्ये."

"आमच्याकडे कार्बन नसतो आजी."

"कार्बन नसेल. काहीतरी उरत असेलच की."

छोटीनं खांदे उडवले. "तिच्या सोयीसाठी एक यादी राहते फक्त. मागच्या भेटी, तारीख, वेळ, दवाखाना. पुन्हा कधी जायचं ते विसरू नये म्हणून. पण ती कोणाला जात नाही, तिच्याच फोनवर असते."

"तिचाच फोन असतो का तो? घरात चार माणसं आणि एक फोन असेल तर?"

छोटीनं पेन खाली ठेवलं. "तसं... असू शकतं. एकानं काढला होता हा मुद्दा. पण बाई म्हणाल्या, असं झालं तर, तसं झालं तर, अशा शंकांवर सोमवारचं काम थांबवता येणार नाही. लोकांना यादी हवी आहे. काढायची तर काहीतरी घडलेलं दाखवा." ती पुढं वाकली. "घडलं होतं का काही, आजी? कुणाचं? खरं घडलेलं असेल तर मी आत्ता फोन लावते. नुसतं 'असेल' म्हणून कोणी ऐकणार नाही."

खालच्या शिंप्याचं मशीन सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं. वहिनींनी टेबलावरच्या चहाच्या ओल्या गोलावर बोट फिरवलं. एक वाक्य बोललं की पुरे होतं. ते बोललं असतं तर छोटीनं पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्याच्या पुढचा, आणि चार हातांवर बसलेलं माणूस मटार सोलत ते सगळं ऐकत राहिलं असतं.

"मी सहज विचारलं," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी शंका फार येतात."

"एकदा झालं होतं," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली नव्हती. अंगठ्यानं शेंग उघडली, दाणे पातेल्यात पाडले.

"पॅकिंगमध्ये एक होती. दोन प्रतींची सवय. खाली कार्बन घेतल्याशिवाय तिला लिहिताच यायचं नाही. त्याच कार्बनवर आपला नंबर उठवून बसली आणि तोच कार्बन पेटीत टाकून आली. शहाणी!"

छोटीचं पेन धावायला लागलं. "आणि कार्बन बघितला कोणी?"

"कोणीतरी बघितला. उजेडाकडे धरला की सगळं दिसतं. आणि तिला सातच्या पोटात रेघ मारायची खोड होती, त्यावरून ओळखली."

"तुला कसं ठाऊक?"

"माझ्याच टेबलावर बसायची."

वहिनींनी टेबलाची कड धरली होती. त्यांनी विचारलं, "तिला... तिला कसं कळलं? कोणी बघितल्याचं?"

"गुरुवारची पाळी बदलून मिळाली तिला. सकाळची. न मागता." वन्संनी दुसरी शेंग घेतली. "सबंध तक्ता बदलला होता तसा, कोणाला कळू नये म्हणून. पण पंचवीस बायकांत सोय एकीचीच झाली होती."

"मग ती चिडली असेल," छोटी लिहिता लिहिता म्हणाली. "मी तर जाऊन भांडले असते."

"चिडली ना. पहिले दोन गुरुवार तर तिला वाटलं, या बाईचं तोंडसुद्धा बघू नये."

"आणि नंतर?" हे वहिनींनी विचारलं.

"नंतर पाळी सोयीची होती."

छोटी हसली. वहिनी हसल्या नाहीत.

"पण तिनं सांगितलं का नाही कोणाला?" छोटीनं विचारलं. "तक्रार करायची. हे असं फुटतंय म्हणून."

रिकाम्या सालाची वन्संनी मधोमध घडी घातली.

"सांगितलं असतं तर सही करणारीनं दुसऱ्या दिवशी लिफाफे बंद केले असते. मी ओळखते तिला. तिच्या हातून एक फुटलं असं कळलं असतं, तर तिनं परत पेन धरलं नसतं. मग बाकीच्यांनी कुठं जायचं? मुकादमाकडे?" त्यांनी साल टोपलीत टाकलं. "तिनं एवढंच केलं. पॅकिंगमध्ये एकेकीला गाठून सांगितलं, बायांनो, नंबर लिहिताना कार्बन बाजूला ठेवा. का ते सांगितलं नाही. परत कोणाचं झालं नाही."

वहिनींना ते आठवलं. त्यानंतरच्या कुठल्याही शुक्रवारी, कुठल्याही कार्बनवर, सहीखेरीज काही दिसलं नव्हतं. बायकांना आपोआप अक्कल आली असं त्या समजून चालल्या होत्या.

"आत्याआजी, ती आहे का गं अजून?" छोटी उठून उभी राहिली होती, फोन हातात. "तिच्याशी बोलता येईल? नुसतं एकदा? बाईंना नाव दिलं तर..."

"नाव नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

छोटीनं एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं, आणि मग मिटलं. तिच्या कामात ती हुशार होती, असं वहिनींना त्या क्षणी वाटलं.

"नाव नाही," छोटी म्हणाली. "बरोबर आहे. नकोच." तिनं वहीतला मघाचा पानभर मजकूर पाहिला, 'कधीच नाही' या शब्दांवर एक रेघ ओढली आणि दाराशी मान वाकवून बाहेरच्या खोलीत गेली. तिचा आवाज ऐकू येत राहिला. "नाही बाई, शंका नाही. घडलेलं सांगतेय... हो, आत्ताच. ती भेटींची यादी सोमवारच्या आत काढावी लागेल... माहीत आहे किती काम आहे ते. पण उरतं बाई, मागे उरतं काहीतरी..."

स्वयंपाकघरात दोघीच राहिल्या. वहिनी खुर्चीवर बसल्या. त्यांनी टोपलीतून मूठभर शेंगा आपल्याकडे ओढल्या आणि सोलायला घेतल्या. पहिल्याच शेंगेतले दाणे जमिनीवर गेले.

"राहू द्या," वन्सं म्हणाल्या. "तुमच्यानं मटार कधी धड सोलले गेलेत?"

"शिकवलंत कधी?"

"पन्नास वर्षं समोर बसून सोलतेय. आणखी कसं शिकवायचं?"

बाहेर छोटीचा आवाज चढला आणि उतरला. वहिनींनी दाणे गोळा करायला टेबलावरचं सामान बाजूला सारलं. लिफाफ्याचे तुकडे उचलले, पेनाला टोपण लावलं. मघाचा कार्बन अजून पालथा पडून होता. तो त्यांनी दोन बोटांत धरून उचलला, आणि हात सवयीनं खिडकीकडे निघाला.

तो अर्ध्यावर थांबला. मघाशी वन्सं ओट्यावर पाठ करून लिहीत होत्या, तेव्हा कार्बन त्यांच्याच हातात होता.

वहिनींनी हात खाली आणला. कार्बन पालथाच, मटाराच्या सालांखाली सरकवला.

वन्सं बघत होत्या.

"बघितलात तरी चालेल आता," त्या म्हणाल्या.

"बघणार कशी," वहिनी म्हणाल्या. "उजेड कुठं आहे?"

खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन टेबलावर पसरलं होतं, सालांवर, पातेल्याच्या काठावर, दोघींच्या हातांवर. वन्संनी त्या उन्हाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि टोपलीतल्या उरलेल्या शेंगांचे दोन भाग केले.